शो मस्ट गो ऑन... पण मुलांचं काय?

"तीन रात्री झोपलो नाही रे!"

फेस्ट संपल्यावर आपल्या कॅन्टीनमध्ये हे वाक्य ज्या अभिमानाने ऐकू येतं, तेवढ्या अभिमानाने कुणी आपलं डिस्टिंक्शनसुद्धा सांगत नाही. लगेच दुसरा म्हणतो, "तीनच? माझ्या चार!" तिसरा सांगतो की त्याने दोन दिवस निव्वळ चहा-बिस्किटावर काढले. लिलावासारखी बोली चढत जाते. मागच्या वर्षीपर्यंत या लिलावात मीही हिरिरीने भाग घ्यायचे. आता मला त्याची लाज वाटते. का वाटते, ते सांगण्यासाठी हा लेख.

मित्रमैत्रिणींनो, आपण आता फक्त फेस्टपुरते 'इव्हेंटवाले' राहिलेलो नाही. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू होतो आणि शनिवार-रविवारी अर्धं होस्टेल कुठे ना कुठे कामाला असतं. कुणी लग्नात लाईट लावतं, कुणी प्रदर्शनात स्टॉल सांभाळतं, कुणी कंपनीच्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या गळ्यात बिल्ले अडकवतं. मी कॉन्व्हेंटची. इंग्लिश फाडफाड बोलता येतं, एवढ्या एका भांडवलावर मला रजिस्ट्रेशनचं टेबल मिळतं, दिवसाचे ८०० रुपये. माझ्याच वर्गातला, माझ्यापेक्षा दुप्पट हुशार, जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मुलगा त्याच कार्यक्रमात मागच्या दाराने केबल ओढतो, त्याला ६००. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो.

माझं पहिलं काम शहराबाहेरच्या एका प्रदर्शनात होतं. सकाळी सातला हजर, रात्री नऊला सुट्टी. उंच टाचांचे सँडल कंपल्सरी. सुपरवायझर दर तासाला येऊन सांगायचा, "मॅडम, स्माईल!" पाय दुखले, पाठ दुखली, ते सगळं चालून गेलं. खरा प्रश्न वेगळाच होता. बाथरूम हॉलच्या दुसऱ्या टोकाला, बाहेर ही रांग, आणि टेबल सोडायला परवानगी नाही. शेजारच्या अनुभवी मुलीने कानमंत्र दिला, "पाणीच पिऊ नकोस, म्हणजे जावं लागत नाही." मला तो फार हुशारीचा वाटला. मी तो पुढे चार जणींना दिलासुद्धा!

तिसऱ्या वीकएंडनंतर थंडी वाजून ताप आला आणि लघवीला जळजळ. (हे मॅगझिनमध्ये लिहायचं की नाही यावरून रूममेटशी वाद झाला. लिहिते आहे, कारण ज्यांनी वाचायला हवं त्या मुली हे कुणाला विचारत नाहीत.) डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती पितेस?" त्यांनी समजावलं ते असं : लघवी वाटे जंतू वाहून जातात. पाणी कमी पिऊन वर लघवी दाबून ठेवली तर त्यांना आत वाढायला निवांत वेळ मिळतो. पाच दिवस गोळ्या घेतल्या, एक प्रॅक्टिकल बुडालं. त्या प्रदर्शनाचे पैसे आले दोन महिन्यांनी.

तरीही मी शहाणी झाले नाही.

मागच्या वर्षी फेस्टमध्ये मी हॉस्पिटॅलिटीची हेड होते. शेवटच्या रात्री बाराच्या सुमाराला फर्स्ट इयरची एक मुलगी आली. म्हणाली, "ताई, मी जरा रूमवर जाऊन झोपू का?" मी मान वर न करता म्हटलं, "एकच रात्र आहे गं, ॲडजस्ट कर." पहाटे चारच्या सुमाराला ऑडिटोरियमच्या पायऱ्या उतरताना तिला चक्कर आली. हनुवटीला तीन टाके पडले. चौकशी केली तेव्हा कळलं की दुपारपासून ती जेवलीच नव्हती. जेवणाची कुपनं जज्, स्पॉन्सर, पाहुणे आणि बँडच्या माणसांसाठी होती, व्हॉलंटिअरसाठी नव्हती. कुपनांची ती यादी मीच केली होती.

दुसऱ्या दिवशी ती पट्टी लावून पुन्हा कामावर आली. 'क्या स्पिरिट है!' म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, या लाईनमध्ये हे चालायचंच. हालअपेष्टांतून माणूस शिकतो. मलाही असंच वाटायचं. पण खरी लाईनमधली माणसं काय करतात ते मी नंतर पाहिलं. आपल्याकडे मंडप घालायला येणारे मामा कित्येक वर्षं हे काम करताहेत. दुपारचा एक वाजला की स्टेज अर्धं उभं असो नाही तर आडवं, ते हात धुऊन डबा उघडतात. त्यांच्या पोरांना एक नियम आहे : पोटात काही नसेल तर शिडीवर चढायचं नाही. रात्री त्यांची माणसं आळीपाळीने स्टेजखाली सतरंजी टाकून झोपतात. न झोपल्याची बढाई मारणारा एकही माणूस मला त्यांच्यात भेटला नाही. ती हौस आपल्यासारख्या नवशिक्यांची!

आणि आमच्या शाळेतल्या सिस्टर! गॅदरिंगच्या दिवशी ड्रेस चढवण्याआधी प्रत्येकीच्या हातात एक केळं यायचं. ते खाल्ल्याशिवाय विंगेत प्रवेश नाही. तेव्हा आम्ही त्यांना हसायचो.

आपण इंजिनिअर होणार, तेव्हा थोडं आकड्यांत बोलू. १९९७ साली 'नेचर'मध्ये डॉसन आणि रीड या दोघांचा एक प्रयोग छापून आला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हात आणि नजर यांचं गणित, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं बिघडलेलं आढळलं. २४ तासांनंतर ते साधारण ०.१० टक्क्यांच्या पातळीला गेलं. आपल्याकडे दारू पिऊन गाडी चालवण्याची कायद्याने ठरवलेली हद्द १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आता विचार करा. सकाळी सहाला उठून पहाटे तीनला पॅक-अप करून, मागे मित्राला बसवून बाईकवर परत येणारा आपला मुलगा एक थेंबही न पिता त्या हद्दीच्या पलीकडे असतो. आणि त्याला कुठलंच मशीन पकडत नाही.

साऊंडवाल्या मुलांचं आणखी वेगळं. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, असा सुरक्षिततेचा एक हिशोब आहे. (तीन डेसिबल म्हणजे पॉवर दुप्पट, हे ओरलला विचारतात.) म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांसाठी मानक ठरवलं त्यातही सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा आहे, आणि ऐकणाऱ्यांना कानात घालायचे बोळे मिळावेत, थोडी शांत जागा असावी, असंही म्हटलं आहे. आपल्या डीजे नाईटला मुलं स्पीकरच्या पुढ्यात चार-चार तास उभी असतात. दुसऱ्या दिवशी कानात 'कुंई' आवाज येतो, तो गमतीचा विषय नाही. आतल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.

मग काय, कामं सोडायची? मुळीच नाही. मीही सोडलेली नाहीत, मेसचं बिल त्यातूनच जातं. पण आता फोनवर हो म्हणण्याआधी मी विचारते : किती वाजेपर्यंत, जेवण कोण देणार, बाथरूम कुठे, आणि रात्री परत कोण सोडणार. पैसे कधी मिळणार ते मेसेजवर लिहून मागते. पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळली, इंग्लिश असूनही! दोन ठिकाणी 'फार प्रश्न विचारतेस' म्हणून काम गेलं. तिसऱ्या ठिकाणी गाडी मिळाली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन हवं अशी तरतूद आहे. रोजंदारीवर बोलावलेल्या मुलींना हे कुणी आपण होऊन सांगत नाही.

सरांना आणि मॅडमना एक विनंती, राग मानू नये. फेस्टची अटेंडन्स तुम्ही देता, पण सोमवारी सकाळी नऊला सबमिशनही ठेवता. एक दिवस पुढे ढकललं तर जर्नल काही पळून जात नाही.

या वर्षीच्या पहिल्या मीटिंगमध्ये मी व्हॉलंटिअरच्या दोन पाळ्यांचा तक्ता ठेवला. रात्री दोननंतर कुणीही बाईक काढायची नाही, होस्टेलच्या कॉमन रूममध्ये गाद्या टाकायच्या, हेही त्यात होतं. आधी हशा झाला. मग ट्रेझररने विचारलं, "साठ कुपनं जास्त, पैसे कुठून आणू?" मी म्हटलं, स्टेजमागच्या एलईडी वॉलची दोन पॅनल कमी कर. त्यावर अजून भांडण चालू आहे. रेक्टर मॅडमनी गाद्यांना होकार दिलाय. हनुवटीवर टाक्यांची खूण असलेली ती मुलगी या वर्षीही हॉस्पिटॅलिटीत आहे, कुपनांची यादी मी तिच्याकडे सोपवली आहे. मेस रात्री बारापर्यंत उघडी ठेवाल का, असं ती काकांना विचारून आली. बघतो म्हणालेत.