पिण्याच्या पाण्यातले मीठ आणि फराक्का

नदीचे पाणी समुद्राला मिळाले म्हणजे वाया गेले, हे वाक्य आपल्याकडे पाण्याच्या प्रत्येक चर्चेत ऐकू येते. बांगलादेशातील खुलना जिल्ह्यातल्या दाकोप भागात ते कोणाला पटणार नाही. तिथल्या गर्भवतींवरील अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. कोरड्या हंगामात निव्वळ पिण्याच्या पाण्यातून दिवसाला सरासरी ५ ते १६ ग्रॅम सोडियम त्यांच्या पोटात जात असावे, असा त्यातला अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, जेवणासकट २ ग्रॅमपेक्षा कमी हवे. गर्भवतींमधील उच्च रक्तदाबाचे प्रमाण पावसाळ्यात ५.१ टक्के, तर कोरड्या दिवसांत १२.२ टक्के होते. अशा बाईला ‘मीठ कमी खा’ सांगून डॉक्टर काय साधणार?

खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असते. भरतीबरोबर ते तळाने नदीत शिरते. त्याला रेटून बाहेर ठेवतो तो वरून येणारा प्रवाह. खुलनाकडे हे पाणी गंगेची शाखा असलेली गोराई नदी आणते. कोलकाता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून १९७५मध्ये फराक्का बॅरेज सुरू झाले, गंगेचे पाणी हुगळीकडे वळले आणि उन्हाळ्यात गोराईचे मुख गाळाने बुजू लागले. गंमत अशी, की त्याच पाण्याने हुगळीचा खारेपणा कमी झाला. एकाच पाण्याने एक खाडी गोडी केली, दुसरी खारवली.

सगळा दोष फराक्काच्या माथी मारणे मात्र चुकीचे. कोळंबीच्या तळ्यांसाठी खारे पाणी मुद्दाम आत घेतले जाते, समुद्राची पातळीही वाढते आहे. पण समुद्र पुढे सरकत असताना तर नदीचा रेटा अधिकच हवा.

भारत-बांगलादेश गंगा करार १२ डिसेंबर १९९६ रोजी झाला, तीस वर्षांसाठी. म्हणजे मुदत २०२६च्या अखेरीस संपते. त्यात १ जानेवारी ते ३१ मेपर्यंतचे पाणी दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने वाटले आहे, तेही क्युसेकमध्ये. नव्या करारात गोराईच्या मुखाशी एप्रिलमध्ये किती पाणी पोहोचते आणि दाकोपच्या तळ्या-विहिरींत मीठ किती उतरते, याच्या नोंदी दोन्ही देशांनी मिळून ठेवण्याचे कलम असायला हवे. कोलकात्याचा गाळ मोजला जातो, तसे हेही मोजता येईल.