आधी पाणी, मग कात्री

मैत्रिणींनो, नालासोपाऱ्याच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या वहिनीला सातवा महिना लागला आहे, म्हणजे या लवकरच आत्याबाई होणार! बारशासाठी स्वतःच्या हातांनी दुपटी शिवायची म्हणून त्यांनी दादरहून फ्लॅनेल आणून ठेवले आहे. त्या विचारतात, "कोरं कापड धुतलं की त्याची कळा जाते. दुपटी आधी शिवली आणि मागाहून धुतली तर नाही का चालणार? आहेरात धुतलेलं दिलं तर लोक म्हणतील, जुनंच दिलं!"

उत्तर एका वाक्यात सांगते : कापड आधी धुवा, मगच कात्री लावा. आता त्यामागची कारणे पाहू.

आपल्याकडे बारशापर्यंत बाळाला नवे कपडे न घालण्याची रीत अनेक घरांत आहे. आजोबांचे धोतर, आजीचे जुने लुगडे फाडून त्याचीच दुपटी आणि लंगोट करायचे. ही नुसती काटकसर नव्हे. शंभर वेळा धुतलेल्या धोतरातली खळ केव्हाच गेलेली असते, रंग जायचा तेवढा गेलेला असतो आणि ते आटायचे तेवढे आटलेले असते. नव्या फ्लॅनेलला हेच सारे आपण शिवण्याआधी करून घ्यायचे, एवढीच गोष्ट.

कापड आटते का? मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात. पुढे गिरणीतही ते ताणातूनच सरकत जाते. पाणी मिळाले की सुती धागा फुगतो, ताण सोडतो आणि आखडतो. फ्लॅनेलचा धागा सैल पिळाचा असतो आणि त्यावर तारेच्या रुळांनी लव उठवलेली असते. म्हणून ते साध्या पॉपलिनपेक्षा जास्त आटते, आणि रुंदीपेक्षा लांबीत अधिक. मीटरमागे 3 ते 5 सेंटिमीटर तर सहज, कधी 10 सुद्धा. 1930 च्या सुमारास अमेरिकेत सॅन्फर्ड क्लुएट यांनी कापड कारखान्यातच आटवून घेण्याची रीत काढली. 'सॅन्फोराइज्ड' हा शिक्का आपल्या आयांना नक्की आठवत असेल. पण तागा उलगडून मापून दिलेल्या फ्लॅनेलवर असा भरवसा ठेवू नये.

शाळेत मुलींना मी एक प्रयोग करायला देते. कापडाचा 20 सेंटिमीटरचा चौरस कापा, धुवा, वाळवा आणि पुन्हा मापा. एक सेंटिमीटर कमी भरला तर कापड शेकडा 5 आटले.

खरा घोटाळा होतो तो दोन पदरी दुपट्यात. वर नवे फ्लॅनेल आणि खाली जुन्या सुती साडीचे अस्तर, ही आपली आवडती जोडी. साडी आटून बसलेली असते आणि फ्लॅनेल आटायचे राहिलेले असते. पहिल्याच धुण्यात वरचा पदर आखडतो, खालचा फुगतो, कडा चुण्या पडून वळतात. मग कितीही इस्त्री फिरवा, दुपटे सपाट होत नाही. महिनाभराची हातशिलाई वाया! जुन्या लुगड्यांची गोधडी वर्षानुवर्षे सपाट राहते, कारण तिचे सगळे पदर आधीच पाणी प्यालेले असतात.

दुसरे कारण बाळाच्या कातडीचे. कोऱ्या कापडात खळ असते, जादा रंग असतो, सुरकुती पडू नये म्हणून काही कापडांना लावलेली रसायनेही असतात. त्यांतल्या फॉर्माल्डिहाइडने नाजूक कातडीवर पुरळ उठू शकते. धुतल्याने यातला बराच भाग निघून जातो.

आता कृती.

खरेदी : 90 सेंटिमीटरच्या चौरस दुपट्याला दुमडीसह 94 सेंटिमीटर लागतात. म्हणून एकाला 1 मीटर 10 सेंटिमीटर आणि दोघांना सव्वादोन मीटर घ्या. पन्हाही 1 मीटरहून मोठा पाहा. सुतीची खात्री नसेल तर एक धागा ओढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा मणी होतो.

धुणे : कापलेल्या दोन्ही टोकांना कच्ची टीप मारा, नाहीतर दोरे सुटून गुंता होतो. गडद रंग असेल तर ओला पांढरा फडका दाबून पाहा. रंग उतरत असल्यास कापड वेगळे धुवा. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने हल्लीचे रंग पक्के होत नाहीत. तीन धुण्यांनंतरही पाणी रंगीत येत असेल तर ते कापड बाळासाठी नको.

पुढे दुपटी जशी धुणार तसेच कापड आता धुवा. घरात गरम पाण्याची पद्धत असेल तर आत्ताही गरमच पाणी. सौम्य साबण वापरा. धोपाटणे आणि ब्रश नको, लव उडते. विहिरीच्या किंवा बोअरिंगच्या पाण्यात आपल्याकडे पुष्कळदा साबण फेसाळत नाही आणि त्याचा चिकटा कापडात बसतो. अशा वेळी साबण कमी घ्या आणि शेवटचे खळबळणे नळाच्या गोड्या पाण्यात करा. कपडे मऊ करणारी द्रावणे टाळा, त्यांनी कापड ओल टिपेनासे होते. जमल्यास दोनदा धुवा.

वाळवणे : पिळू नका. पूर्ण पन्हा दांडीवर पसरा. किंचित ओलसर असतानाच उलट बाजूने, उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. उरेब ओढली तर चौरसाचा पतंग होतो! अस्तर, पायपिन, सुती लेस यांनाही आधी पाणी दाखवा.

आणखी एक गोष्ट मनावर घ्या. थोरल्या मुलाची दुपटी पुष्कळ घरी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली असतात. ती काढून तशीच नव्या बाळाला गुंडाळू नका. या गोळ्यांत बहुधा नॅफ्थलीन असते. काही मुलांच्या रक्तात 'जी-सिक्स-पी-डी' या घटकाची जन्मजात उणीव असते. अशा बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात आणि कावीळ जिवावर बेतू शकते. बाळाला ही उणीव आहे की नाही, ते आपल्याला वरून कळत नाही. असे कपडे बाळाला न वापरणेच उत्तम. पुढच्यासाठी ठेवायचे कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा सुका पाला घातलेल्या सुती पिशवीत ठेवा.

राहता राहिली लोकलाजेची गोष्ट. बारसे असो की बाप्तिस्मा, आहेर पाहणाऱ्यांचे डोळे क्षणभर असतात, दुपटे मात्र बाळाच्या अंगाला रात्रंदिवस असते. धुऊन, इस्त्री करून, नीट घडी घालून द्या आणि वर चिठ्ठी ठेवा : 'नवीन आहे, धुऊन शिवले आहे.' बाळंतिणीला त्याचे मोल बरोबर कळेल. तिच्या हातचे एक काम तुम्ही आधीच केले आहे ना!

पुढच्या आठवड्यात : पावसाळ्यात लंगोट कसे वाळवावेत.