रांगून बघा आपलं घर!

बालमित्रांनो,

तुमच्या घरात रांगणारं बाळ आहे का? तुमचा भाऊ, बहीण किंवा शेजारची छोटी? मग या रविवारी एक गंमत करा. गुडघे टेका आणि बाळासारखं घरभर रांगा. हसू नका हं! मोठी माणसं घर बघतात ती उभं राहून. बाळाला मात्र घर दिसतं हातभर उंचीवरून. तिथून काय काय दिसतं माहितेय? कॉटखालचं नाणं, टेबलावरून लोंबणारी इस्त्रीची वायर, भिंतीशी ठेवलेली विळी, मोरीतली फिनेलची बाटली!

आता बादली बघा. त्यात चार बोटं पाणी असलं तरी बाळ बुडू शकतं. कसं? बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. ते वाकतं, तोल जातो, डोकं खाली होतं. मग त्याला वर येता येत नाही आणि ओरडताही येत नाही. म्हणून काम झालं, की बादली रिकामी करून पालथी घाला. फिनेल, अ‍ॅसिड कधीच सरबताच्या बाटलीत भरू नका. बाळाला काय, बाटली दिसली की तोंडाला!

पण खरी गंमत पुढेच आहे. जमिनीवर सापडलेल्या वस्तूंपैकी कितीतरी तुमच्याच निघतील. गोट्या, मणी, खोडरबर, कंपासमधलं कर्कटक! सगळ्यात वाईट म्हणजे खेळण्यातला तो बटणासारखा चपटा सेल. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजतं. वापरलेला सेलसुद्धा वाईटच, बरं का! बाळानं गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघायची नाही, उलटी करवायची नाही, तडक दवाखाना गाठायचा.

आणखी एक. लाडानं बाळाला अख्खा शेंगदाणा, फुटाणा भरवू नका. चार वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत तो अडकू शकतो. कूट करून द्या.

आणि भाजलंच तर? टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा आणि मोठ्यांना हाक मारा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेचा नंबर आहे १०८. तो पाठ हवा!

मग करणार ना एवढं? एक डबा घ्या, घट्ट झाकणाचा. त्यात आपल्या बारीक वस्तू भरा आणि उंच फळीवर ठेवा. अभ्यास संपला, की रोज एकदा जमिनीवर नजर टाका. बाळाला ‘नको, नको’ म्हणून कळत नाही. तुम्हाला कळतं. म्हणून तर तुम्ही दादा आणि ताई!

तुमच्या बाई