पाहुणा मांगूर

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरी कोसळल्या, भारजा नदी गढूळली, कीं आमच्या मंडणगडाकडील मुलें रात्रीं बत्त्या घेऊन चढणीचे मासे धरावयास निघतात. त्यांत गावठी मांगूर सांपडला तर घरीं आनंद होतो. परंतु ‘थाई मांगूर’ म्हणून कित्येक बाजारांत अद्यापि चोरून विकला जाणारा हातभर लांबीचा मासा याच कुळांतला खरा, तरी आपला नव्हे, हें वाचकांच्या ध्यानीं आणणें आम्हांस अवश्य वाटतें.

त्याचें तें नांवही खोटें. मासा मूळचा आफ्रिकेचा. थायलंड हा वाटेवरचा एक मुक्काम. बर्चेल नामक इंग्रज प्रवाशानें १८२२ सालीं त्याचें वर्णन केलें आणि ऑरेंज नदीच्या ‘गारीप’ या देशी नांवावरून त्यास ‘क्लेरियस गारीपायनस’ म्हटलें. अंगावर खवला नाहीं, तोंडाभोंवतीं मिशांच्या चार जोड्या, आणि कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखें एक इंद्रिय. तें गावठी मांगुरासही आहे. त्याच्या योगें हा मासा हवेंतून प्राणवायु घेतो, सडक्या डबक्यांत तग धरतो, आणि डबकें आटलें तर ओल्या रात्रीं पंखांच्या कांट्यांवर भार देऊन सरपटत दुसरें पाणी गांठतो. मासे, बेडूक, किडे, कुजकें मांस, त्यास कांहींच वर्ज्य नाहीं. लांबी दीड मीटरपर्यंत भरते. पावसाच्या आरंभीं पुराच्या उथळ पाण्यांत बुडालेल्या गवतावर मादी अंडीं घालते; दीड दिवसाच्या आंत पिलें निघतात.

आफ्रिकेच्या आटणाऱ्या नद्यांत हे गुणच होत, आणि ते देणाऱ्या विधात्याचें आम्ही कौतुकच करूं. तेथें त्यास आवरावयास मगरी आहेत. आमच्याकडे मात्र चढणीचा काळ नेमका हाच, आणि पाणीही हेंच! एखादें तळें ओसंडलें तर हा पाहुणा त्याच भातखाचरांत शिरेल, जेथें गावठी मांगूर व मरळ यांचीं पिलें वाढतात. सह्याद्रीच्या पश्चिमेकडील आखूड नद्यांत जगांत अन्यत्र न मिळणारे मासे आहेत. त्यांस दुसरी नदी कोठून आणावयाची?

भारत सरकारनें २००० सालीं या माशाच्या पालनास मनाई केली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१९ सालीं ती कडक पाळण्यास बजाविलें. पुढें उजनी जलाशयाच्या काठचीं कित्येक तळीं रिकामीं करण्यांत आलीं. तरीही तो पाळला जातो, कारण कोंबड्यांची टाकाऊ घाण खाऊन कांहीं महिन्यांतच तो किलोभर होतो. पाळणाऱ्या एकट्यास आम्ही दोष देत नाहीं. स्वस्त म्हणून घेणाऱ्याचाही त्यांत वांटा आहे.

कोणी पालक म्हणतील, स्वस्त मासा गरिबाच्या ताटांत पडला तर बिघडलें काय? प्रश्न खोटा नाहीं. परंतु चढणीचा मासा गरिबास फुकट मिळतो. तो एकदां नाहींसा झाला म्हणजे त्यास प्रत्येक मासा विकतच घ्यावा लागेल.

विहिरीचें पाणी स्वच्छ राहावें म्हणून तींत मासा सोडण्याची चाल आमच्या गांवांत आहे, व हें काम बहुधा मुलांकडेच असतें. यंदा त्यांनीं तो भारजेंतूनच आणावा. बाजारांतून मुळींच आणूं नये.