‘हलवणे’ हाही उपचारच

गंभीर रुग्णाच्या बाबतीत ‘हलवणे’ हा शब्द आपण धुळे-जळगावकडे फार सहज वापरतो. कुणाला नाशिकला हलवले, कुणाला मुंबईला. जणू घरचे सामानच! पण हलवणे हाही उपचारच असतो, हे सैन्यदलातील परिचारिकांच्या कामाकडे पाहिले की मला पटते.

१८८८ साली दहा ब्रिटिश परिचारिका मुंबईत उतरल्या आणि आजच्या लष्करी परिचर्या सेवेचा पाया घातला गेला. या सेवेतील परिचारिका जखमी जवानाबरोबर विमानातही असते. विमान उंच गेले की हवेचा दाब घटतो, रक्तातला प्राणवायू कमी होतो, छातीत अडकलेली हवा फुगते. इंजिनाच्या घरघरीत स्टेथोस्कोप निरुपयोगी ठरतो. सारी भिस्त नजरेवर, बोटांवर आणि पडद्यावरच्या आकड्यांवर. प्राणवायू किती लागेल, याचा हिशेब उड्डाणाआधीच करावा लागतो. आकाशात उसनवारी कुणाकडे करणार?

हे काम करणारी मुलगी लेफ्टनंट म्हणून रुजू होते. त्यासाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. तरीही आमच्या खानदेशात मुलीने नर्सिंगचे नाव काढले की घरातले आवाज खाली येतात. ‘डॉक्टर हो, नाहीतर लग्न कर!’ हा सल्ला मला खटकतो. आपला माणूस रात्री नाशिकच्या वाटेवर असतो, तेव्हा त्याच्या उशाशी कुणाची तरी अशी जाणती लेक असावी, असेच आपल्याला वाटते. मग ती लेक आपली का नको?