आधी तिचे तास मोजा

वडप्याच्या गोदामांना लागून मुंबईचा महामार्ग जातो. त्याच मुंबईत, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाडसाठी भारताचा चार जणांचा संघ निवडला जातो. २००१ साली ही स्पर्धा मुंबईतच भरली होती. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्ही परीक्षा चार-पाच तासांच्या. आमच्या अकरावीतल्या मुलीला अभ्यासाला सलग एक तास तरी कोण देतं? पाणी, भाकऱ्या, धाकटी भावंडं तिच्या गळ्यात. क्लासची फी मात्र भावाची. वर ‘मुलींना विज्ञान जड जातं’ ही मखलाशी! मी म्हणते, तिची बुद्धी मोजण्याआधी तिच्या वाट्याचे तास मोजा. मैत्रिणींनो, आपल्या मंडळांनी दोन मागण्या लावून धरूया: रविवारी कॉलेजची प्रयोगशाळा मुलींसाठी उघडी हवी, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक भावाने करावा.