‘नाही’ म्हणण्याचा धडा

मुलांना धोक्याची जाणीव करून देण्याची आपली रीत जुनी आहे. विहिरीच्या काठाशी जाऊ नकोस, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ, अनोळखी माणसाने दिलेला खाऊ घेऊ नकोस. यातले शेवटचे वाक्य सांगून झाले की मुलाच्या सुरक्षिततेचे शिक्षण पुरे झाले, असे बहुतेक घरांत मानले जाते. पण धोका नेहमी अनोळखी चेहऱ्यानेच येतो का? केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी लैंगिक छळाचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. छळणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी तोवर कुणालाच काही सांगितले नव्हते.

का सांगितले नव्हते, याचे उत्तर आपल्या घरातच आहे. ‘मोठ्यांना उलट बोलायचे नाही’ हा आपला पहिला संस्कार. मूल अंग चोरत असले तरी ‘काकांना पापी दे बघू’ म्हणून आपण त्याला पुढे ढकलतो. शरीराच्या काही भागांना आपण नावही देत नाही. दिलेच तर ‘शेम शेम’. ज्या गोष्टीला शब्दच नाही, ती मुलाने सांगावी कशी?

वस्तीतल्या समाजमंदिरात, अंगणवाडीत, सोसायटीच्या सभागृहात होणाऱ्या कार्यशाळांचे महत्त्व मला इथे वाटते. अशा काही कार्यशाळा मी मागे बसून पाहिल्या आहेत. त्यांत भीतीदायक असे काही नसते. चित्रे असतात, बाहुल्या असतात, छोटी नाटुकली असतात. शरीराच्या सर्व भागांची नावे, नकोसा स्पर्श कसा ओळखायचा, मोठ्याने ‘नाही’ म्हणून तिथून निघून कसे जायचे आणि विश्वासाच्या माणसाला कसे सांगायचे, हे मुले करून पाहतात. पहिल्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला सांगायचे, हेही शिकवतात. वाढदिवसाच्या भेटीचे गुपित वेगळे आणि ‘आईला सांगू नकोस’ म्हणून लादलेले गुपित वेगळे, हा फरक सहा वर्षांच्या मुलाला चटकन कळतो. आणि चूक कधीच मुलाची नसते, हे वाक्य तर पुन:पुन्हा म्हणून घेतले जाते.

कोवळ्या मनात विष कशाला कालवता, असा आक्षेप येतो. २०१५ साली अशा २४ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. मुलांचे ज्ञान आणि कौशल्य वाढते, त्यांच्या मनात भीती वाढल्याचे मात्र दिसत नाही, असे त्यात आढळले. मात्र प्रत्यक्ष छळ किती कमी होतो, हे त्यातून सिद्ध झालेले नाही. ते स्वाभाविकच आहे. पाच वर्षांच्या मुलाने पन्नास वर्षांच्या माणसाला थोपवावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. मुलाला बोलते करणे हे कार्यशाळेचे काम. ऐकणे आणि पुढचे सारे निभावणे हे आपले.

नेमके इथेच आपण कमी पडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात बालवर्गातल्या दोन चिमुरड्यांनी घरी सांगितले. पण तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी विलंब केला आणि संतप्त पालक रेल्वे रुळांवर उतरले. पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. असा गुन्हा ठाऊक असूनही न कळवणे हाही त्या कायद्याने गुन्हाच आहे. वयानुरूप सुरक्षिततेचे धडे सरकारने तयार करावेत, असे २०२० च्या नियमांत म्हटले आहे. १०९८ हा मदतीचा क्रमांकही आहे. उणीव आहे ती मोठ्यांच्या तयारीची. कार्यशाळेला आया येतात, वडील मात्र एका हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. म्हणून मुलांच्या आधी पालकांचा, शिक्षकांचा, शाळेच्या गाडीच्या चालकाचा वर्ग व्हायला हवा. गणेशोत्सवाच्या मांडवात दहा दिवसांतली एक संध्याकाळ यासाठी राखणे कोणत्याही मंडळाला अवघड नाही.

मूल सांगायला येईल तेव्हा ‘काहीतरीच काय बोलतोस?’ हे आपले पहिले वाक्य नसावे. ‘बरे झाले सांगितलेस’ एवढे तीन शब्द आपण मोठ्यांनी शिकलो, तरी निम्मी कार्यशाळा घरातच पार पडेल.